संपतं ते माझं, राहतं ते तिचं

स्वतःच्या घरात पाहुण्यासारखं राहण्याची कला अख्ख्या मराठवाड्यात एकाच माणसाला साधली आहे, आणि तो माणूस नेमका माझा साडू निघाला. साडू हे नातं असं, की ते आपण निवडत नाही. बायकोच्या बहिणीनं कुणाच्या गळ्यात माळ घातली यावर आपलं नशीब अवलंबून. माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीनं, सुनंदानं, ती माळ लातूरच्या एका कचेरीतल्या कारकुनाच्या गळ्यात घातली. तेव्हापासून नांदेडहून लातूरला जायचं म्हटलं की मी आधी घरीच पोटभर हसून घेतो आणि मग एसटीत बसतो. तिथं गेल्यावर हसायची सोय नसते. आमचे साडू जे काही करतात ते इतक्या गंभीर चेहऱ्यानं करतात, की हसणाऱ्यालाच वाटावं, आपलंच काही चुकलं. तुम्ही त्यांच्या घरी जाऊन बघा. दार ते स्वतः उघडतील, ‘या या’ म्हणतील, तुम्हाला सोफ्यावर बसवतील. मग उभ्या उभ्याच स्वयंपाकघराकडं तोंड करून विचारतील, “सुनंदा, बसू का?” आतून “बसा हो! किती वेळा सांगायचं?” असं वैतागलेलं उत्तर आलं की सोफ्याच्या अगदी कडेला टेकतील, आणि दोन मिनिटांनी हळूच घसरून खाली सतरंजीवर मांडी घालतील. कारण सोफा सुनंदाचा आहे आणि सतरंजी त्यांची.

याच्यामागं एक कायदा आहे, आणि तो साडूंनी लग्नानंतरच्या पहिल्याच पगाराला केला. सुनंदा तेव्हा निलंग्याकडच्या एका खेड्यात शाळेवर बाई म्हणून नुकतीच लागली होती. सकाळची एसटी, दिवसभर पोरं, संध्याकाळी परत एसटी. साडूंची कचेरी गावातच. घरात दोन पगार यायला लागले, आणि दोन पगारांच्या घरात पहिल्या महिन्यात जी रुसवाफुगवी होते ती यांच्याकडंही झाली. किराणा कुणी भरायचा, भाडं कुणी द्यायचं, माझ्याच पगाराला हात का लावला, तुमचा काय पूजेला ठेवलाय का. तर साडूंनी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, “हे बघ, भांडत बसू नगं. जे संपतं ते माझ्या पगारातून. जे राहतं ते तुझ्या पगारातून. हिसाब खलास.” सुनंदाला वाटलं, चला, मिटलं एकदाचं. तिला काय माहीत, की हा गडी बोललेला शब्द मरेपर्यंत पाळणाऱ्यांपैकी आहे. झालं असं, की दूध, भाजी, किराणा, भाडं, लाइटबिल, गॅस हे सगळं साडूंचं. आणि पलंग, कपाट, कुकर, फ्रिज, कूलर, स्कूटी हे सगळं सुनंदाचं. वर्षं सरत गेली तसतसं घर सुनंदाच्या वस्तूंनी भरत गेलं, आणि साडूंच्या हातात महिनाअखेरीला काय राहायचं, तर ढेकर. सुनंदा माझ्यापाशी येऊन कळवळून म्हणायची, “दाजी, तुम्ही तरी समजावून सांगा यांना. या घरात यांच्या नावाचा साधा चमचा न्हाई. उद्या आम्ही आमचं घर बांधलं तर तिथंबी असंच पाहुण्यावानी राहणार का हे?” तिचं नवऱ्याशी आयुष्यभराचं भांडण हे एवढंच. बायका आपल्या नावावर काहीतरी करा म्हणून भांडतात. ही बाई नवऱ्याच्या नावावर काहीतरी होऊ दे म्हणून भांडत होती.

कायदा सोपा, पण सरहद्दीवरची प्रकरणं फार. स्कूटी सुनंदाची हे ठरलेलं, पेट्रोल साडूंचं हेही ठरलेलं; टायरचं काय? टायर झिजतं, म्हणजे संपतं, म्हणजे साडूंचं. पण मग ब्रेकची वायर? आणि आरसा फुटला तर? शेवटी असं ठरलं, की झिजेल ते साडूंचं आणि फुटेल ते सुनंदाचं. आंब्याच्या दिवसांत आंबे साडूंचे, कोयी सुनंदाच्या. चेष्टा नाही करत, तिनं त्यातली एक कोय खरंच भाड्याच्या घरामागं लावली होती, तर हे रोज सकाळी झाडाला पाणी घालायचे आणि म्हणायचे, “पाणी माझं.” लोणच्यावर मात्र घरात आठवडाभर खल झाला. लोणचं खाल्लं जातं खरं, पण मुरल्यावर वर्षभर राहतंही. साडूंनी निकाल दिला, की फोडी त्यांच्या आणि बरणी सुनंदाची, पण तळाला उरतो तो खार वादग्रस्त. त्यांची लेक दहावीनंतर लातूरच्या एका नावाजलेल्या क्लासला बसली, तेव्हा तर माझी बायको मुद्दाम नांदेडहून फोन करून विचारायला लागली, “फीचं काय ठरलं?” साडूंनी शांतपणे सांगितलं, “परीक्षेपर्यंत ध्यानात राहिलं तर सुनंदाची. इसरली तर माझी.” पोरगी हुशार निघाली, आणि फी सुनंदाच्या अंगावर पडली.

या सगळ्यात वरताण म्हणजे साडूंचा दात. वरच्या बाजूची एक दाढ किडली, डॉक्टरांनी तिच्यावर टोपी बसवली. आता औषधगोळ्या संपतात, त्या साडूंनी भरल्या. पण टोपी राहते! तेव्हा टोपीचे पैसे सुनंदानं दिले, आणि साडूंच्या तोंडात सुनंदाच्या मालकीची एक वस्तू आली. त्या दिवसापासून या माणसानं त्या बाजूनं सुपारी चावलेली नाही. एकदा आमच्याकडं नांदेडला जेवताना मी आग्रहानं हुरडा वाढला, तर गाल दाबून म्हणाले, “या अंगानं न्हाई साडूभाऊ. तिचा माल हाय, जपून वापरावा लागतो.” माझ्या बायकोला घास गिळता गिळता ठसकाच लागला. बाकी हसायची वेळ आली की ते आवर्जून तोंड मोठं उघडतात आणि बोट लावून दाखवतात, “हा सुनंदाचा.”

माझी बायको दवाखान्यात नर्स आहे, मी कॉलेजात पुस्तकं देतो-घेतो. आमच्या घरी हिशेबाची पद्धत अशी, की दोघांचे पगार एका खात्यात पडतात आणि महिना अर्धा झाला की दोघंही एकमेकांना विचारतो, “तू काढलेस का?” लातूरहून आल्यावर एकदा बायकोनं जाहीर केलं, की आपणही साडूंचा कायदा लावायचा. मी काय कच्च्या गुरूचा चेला? मी मनात विचार केला, किराणा तर रोजचाच आहे, पण राहणारी वस्तू आपण कधी घेतो? वर्षातून एखादी. म्हणून तोंड वर करून म्हणालो, “राहणारं मी घेतो बुवा.” त्याच महिन्यात आमचा फ्रिज गार करायचा थांबला, पाण्याची मोटर जळाली, आणि इन्व्हर्टरनं उन्हाळ्याच्या तोंडावर मान टाकली. बायको मजेत दोन जुड्या मेथी घेऊन यायची आणि म्हणायची, “माझं झालं गं बाई.” पुढच्या पगाराला मी कायदा रद्द केला. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तर माझं खातंच रिकामं झालं होतं.

साडूंना मात्र नुसता कायदा पुरत नव्हता, त्यावर शिक्कामोर्तब लागायचं. आपल्याकडं भांडं घेतलं की दुकानातच त्यावर नाव घालून घेण्याची रीत आहे. बहुतेक नाव असतं सासऱ्याचं नाहीतर नवऱ्याचं, आणि भेटीचं असेल तर ‘यांजकडून सप्रेम’. लातूरच्या गंजगोलाईत भांड्याच्या दुकानाच्या पायरीवर एक चाचा नाव घालायचं मशीन घेऊन बसायचे. त्यांच्याकडं मी साडूंबरोबर एकदा गेलो होतो. सुनंदाच्या पगारातून घेतलेला स्टीलचा मोठा डबा साडूंनी पुढं केला. चाचांनी चष्मा सारखा केला, “नाम बोलो साब.” साडू म्हणाले, “सुनंदा.” “आगे?” “आगे कुछ नहीं.” चाचांनी मशीन थांबवलं. “अरे साब, शौहर का नाम? सरनेम?” साडू म्हणाले, “वो मेरा है. मेरा नाम नहीं डालना.” चाचांनी माझ्याकडं बघितलं, मी आकाशाकडं बघितलं. मग कर्र कर्र करत बारीक ठिपक्यांनी ‘सुनंदा’ उमटलं, आणि साडूंनी त्यावरून अंगठा फिरवून ते लागलंय का हे पाहिलं. असं त्या घरात चमच्यापासून घंगाळापर्यंत सगळीकडं सुनंदा. एकदा ते चाचांना फ्रिजवर नाव घालायला घरी घेऊन आले, तेव्हा चाचांनी हात जोडले, “साब, मशीन लगाया तो इसकी गॅस निकल जायेगी.” तेव्हा फ्रिजच्या पाठीवर साडूंनी स्वतः ऑइलपेंटनं नाव लिहिलं. अक्षर कारकुनाचं, त्यामुळं छान आलंय.

एक भांडं तेवढं बिननावाचं होतं. साडूंची आई त्यांच्याकडंच असायची, मुखेडकडची. नवरा लवकर गेला, लोकांचे कपडे शिवून मुलाला वाढवलं. बाई अंगानं काटकुळी, पण भाकरी अशी पातळ करायची की काठ उचलला तर पलीकडचं दिसावं. एकदा मी स्वयंपाकघरात तिच्याशेजारी पाटावर बसून गरम भाकरी खात होतो. सहज म्हणालो, “आई, या तव्यावर नाव नाही घातलं साडूंनी?” ती भाकरी उलथत म्हणाली, “लोखंडी तव्यावर कुठं नाव बसतं बाबा? म्हणून तर त्यो माझ्या वाट्याला आला.” मग थांबत थांबत सांगितलं. मुखेडच्या बाजाराच्या दिवशी ती शिलाईच्या पैशातून एकेक भांडं घ्यायची, आणि रीतीप्रमाणं त्यावर सासऱ्याचं नाव घालून आणायची. नवरा गेल्यावर वाटणी झाली. सासरा थोरल्या दिराकडं राहणार होता, तेव्हा ज्यावर सासऱ्याचं नाव ते थोरल्याचं, असा निवाडा झाला. “माझ्या शिलाईचं हाय म्हणून कुणाला सांगू? नाव आबाचं, सासऱ्याचं. आन् दिराला अक्षरवळख न्हवती. तर ह्योच चौथीत व्हता, त्यालाच मधी बसवलं अन् नावं वाचाया लावली. पोराला काय, वाचता येतं म्हणून मोठ्यानं वाचत गेलं. हंडा, घागर, पराती, समदं वाचलं. शेवटाला तवा राहिला.” एवढं बोलून तिनं भाकरी माझ्या ताटात टाकली आणि लोणी वाढलं. बाहेर साडू सतरंजीवर बसून भाजी निवडत होते.

त्या दिवसानंतर मी त्यांच्या कायद्याला हसायचं सोडलं असं मात्र नाही हं. हसतच होतो. फक्त सुनंदानं ‘समजावून सांगा’ म्हटलं की मला काय सांगावं ते सुचेनासं झालं. तिलाही ती तव्याची गोष्ट माहीत होतीच. ती म्हणायची, “दाजी, मला कळतं सगळं. यांना वाटतं, आपल्या मागं बाईच्या हातात नुसता तवा राहू नये. पण मी कुठं चालले? अन् मला सगळं देऊन हे कुठं राहणार?” साडूंपुढं हे बोललं की ते म्हणायचे, “मी संपणाऱ्यात हाय. तू राहणाऱ्यात.” त्यावर सुनंदा उलथनं घेऊन त्यांच्या मागं लागायची, आणि बरोबरच होतं तिचं. असलं अभद्र कुणी बोलतं का?

मग घर बांधायचं निघालं. लातूरच्या कडेला सुनंदाच्या नावावर एक प्लॉट होता, तो तर राहणाराच. कर्जासाठी ते दोघं बँकेत गेले, मीही लातुरात होतो म्हणून मलाही ओढलं. तिथल्या साहेबांनी सांगितलं, बाईंच्या एकट्या पगारावर एवढं कर्ज बसत नाही, दोघांचे पगार धरावे लागतील. साडू खुर्चीवर सरळ झाले. घर राहतं! आणि राहणाऱ्यात आपला पगार घालायचा? साहेब वाट बघून राहिले, सुनंदा नवऱ्याकडं बघून राहिली. तिला मनातून आनंद झालेला मला दिसत होता, आता कसा सापडला हा माणूस. साडूंनी विचारलं, “साहेब, हप्त्यात काय काय असतं?” साहेब म्हणाले, “व्याज आणि मुद्दल.” साडूंचा चेहरा उजळला. “व्याज संपतं का राहतं?” साहेबांना प्रश्नच कळेना. “व्याज... म्हणजे जातंच की ते.” “मग व्याज माझं. मुद्दल हिचं. घर हिच्या नावावर, मी निस्ता सही करणार.” साहेब म्हणाले, “अहो, पण सुरुवातीला हप्त्यात व्याजच जास्त असतं. बरीच वर्षं बहुतेक तुमच्याच पगारातून जाईल.” साडू म्हणाले, “जाऊ द्या की. जातंय ते माझंच हाय.” सुनंदानं कपाळावर हात मारून घेतला. साहेबांनी सही घेतली, पण आम्ही बाहेर पडल्यावरही ते काचेतून आमच्याकडं बघत होते.

बांधकामात तर मिस्त्रीनं हात टेकले. विटा, लोखंड, दारं-खिडक्या सुनंदाच्या. मजुरी साडूंची, कारण दिवस संपला की मजुरी संपली. पाण्याचे टँकर साडूंचे, कारण भिंतीवर मारलेलं पाणी उडून जातं, आणि लातूरच्या उन्हाळ्यात टँकरचं पाणी म्हणजे काय ते लातूरकरालाच विचारा. सिमेंटवर गाडं अडलं. साडूंनी मिस्त्रीला विचारलं, “सिमेंट संपतं का राहतं?” मिस्त्री बिचारा डोक्याला टॉवेल बांधलेला, म्हणाला, “साहेब, पोतं संपतं, भिंत राहती. तुम्हाला काय पायजे ते धरा अन् मला काम करू द्या.” शेवटी सिमेंट सुनंदाचं ठरलं आणि रिकामी पोती साडूंची. खिळे दारात बसले तर तिचे, वाकले तर यांचे. संध्याकाळी कचेरीतून आले की हे वाळूतून वाकडे खिळे वेचत बसायचे. पण एक खरं, विटेला पाणी मारायला त्यांच्याइतकं कुणी उभं राहिलं नाही. घर कुणाचं का असेना, पाणी त्यांचं होतं, आणि ते त्यांनी भिंतींना भरपूर पाजलं.

घर उभं राहिलं, रंग लागला, वास्तुशांतीचा दिवस धरला, आणि दारावरच्या पाटीवर सगळं अडलं. साडूंनी ठरवलं होतं: पाटीवर फक्त ‘सुनंदा’. सुनंदा म्हणाली, दोघांची नावं लागतील, नाहीतर पाटीच लागणार नाही. “लोक काय म्हणतील, नवरा हाय का गेला?” हे म्हणाले, “लोकांचं सोड. राहणाऱ्यावर माझं नाव नगं.” ती म्हणाली, “मग मी ह्या घरात पाऊल टाकणार न्हाई. एकट्या बाईच्या घरात मला न्हाई राहायचं.” अहो, हे भांडण साधं नव्हतं. सुनंदा रडायची, आणि साडू जेवताना ताटावरून उठून जायचे. अन्न त्यांचं असूनसुद्धा. माझी बायको मला म्हणाली, “वास्तूच्या दिवशीच हे दोघं बोलायचे बंद झाले तर काय करायचं हो?” आम्ही आदल्या दिवशीच लातूरला जाऊन पोचलो, तर नव्या घराच्या दाराला पाटीच्या जागी नुसतेच दोन खिळे होते, आणि साडू म्हणाले, “बसले खिळे. म्हणजे तिचे.” पण ते हसले नाहीत, आणि मीही.

सकाळी होमाची तयारी चालली होती. साडू नवा पांढरा शर्ट घालून अंगणात उभे होते, आत यायचं टाळत. तेवढ्यात सुनंदा रिक्षातून उतरली. सकाळी सकाळी ही गेली कुठं होती ते कुणालाच माहीत नव्हतं. तिच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं. तिनं कुणाशी न बोलता ते सोडलं, दाराच्या खिळ्यांना अडकवलं आणि पदरानं पुसलं. पितळेची पाटी होती, भांड्यावर असतात तशाच बारीक ठिपक्यांची अक्षरं. चाचांच्या मशीनची. साडूंची आई काठी टेकत पुढं आली. तिला वाचता येत नव्हतं. तिनं अक्षरांवरून बोट फिरवलं आणि मुलाला म्हणाली, “काय लिवलंय रं? वाच की.” साडू जवळ आले. त्यांनी वर बघितलं, आणि त्यांचे ओठ हलले, पण आवाज आला नाही. आई म्हणाली, “मोठ्यानं वाच की. लहानपणी कसा मोठ्यानं वाचायचा.” तेव्हा साडूंनी वाचलं, “कौसाबाई.” आई म्हणाली, “म्या? आन् फुडं?” ते म्हणाले, “पुढं काही न्हाई आई. निस्तं कौसाबाई.” म्हातारी गोंधळली. “आरं पर म्या कुठं पगार आणते?” सुनंदा म्हणाली, “शिलाईचा आणला होता की. ती भांडी राहिली होती ना तुमची परत घ्यायची.” आता हे सांगताना माझं मला हसू येतं, पण तेव्हा त्या अंगणात आम्ही सगळी मोठी माणसं इकडं तिकडं बघत डोळे पुसत होतो, आणि गुरुजी आतून ओरडत होते की मुहूर्त टळतोय.

होम झाला, जेवणं झाली. दुपारी माणसं पांगली तेव्हा बाहेरच्या खोलीत आम्ही घरचेच उरलो. सोफा नव्या घरात आला होता, त्यावर आई टेकून बसली होती. साडू दमून भागून आत आले आणि सवयीनं स्वयंपाकघराकडं बघून म्हणाले, “सुनंदा, बसू का?” सुनंदा बाहेर आली, पदर खोचलेला, म्हणाली, “मला काय विचारता? मालकीणबाई तिथं बसल्यात, त्यांना विचारा.” साडू आईकडं वळले. मला वाटलं, आता हसतील. पण ते अगदी खरंच विचारत असल्यासारखे म्हणाले, “आई, बसू का?” म्हातारी त्यांच्याकडं बघतच राहिली. “येडा का खुळा तू? आपल्या घरात कुणी इचारून बसतं का?” आणि तिनं त्यांच्या मनगटाला धरून त्यांना शेजारी ओढलं. वीस वर्षांत पहिल्यांदा मी या माणसाला सोफ्यावर पाठ टेकून बसलेलं बघितलं. बसले आणि बसल्या बसल्या झोपले. सुनंदानं त्यांचा चष्मा काढून ठेवला. काचा झिजतात आणि काडी राहते, असा तो दोघांच्या सामायिक मालकीचा चष्मा.

आई त्या घरात थोडीच वर्षं राहिली. दर सणाला ती स्टूलावर चढायचा हट्ट करायची आणि पाटी चिंचेनं घासायची, अक्षरांत अडकलेली चिंच काडीनं काढायची. ती गेली त्याला आता दोन दिवाळ्या झाल्या. कायदा अजून चालू आहे, तवाही चालू आहे, त्यावर आता सुनंदाच्या भाकरी होतात, तेवढ्या पातळ नाही होत. परवा मी न कळवता लातूरला गेलो, तर साडू दारात स्टूलावर उभे, हातात चिंचेचा गोळा, पाटी घासून राहिले होते. मी खालून चेष्टेनं विचारलं, “काय साडू, चिंच कुणाची?” “चिंच माझी. संपती की,” ते म्हणाले. “आणि पाटी?” त्यांनी काडीनं शेवटच्या अक्षरातली चिंच काढली, पाण्यानं धुतली, शर्टाच्या बाहीनं कोरडी केली. मग स्टूलावरून उतरून माझी पिशवी हातातून घेतली आणि मला पुढं घालून आत नेलं. मी सोफ्यापाशी जरा थांबलो, सवयीनं, ते कुठं बसतात हे बघायला. तर तेच म्हणाले, “बसा की साडूभाऊ. आपल्या घरात कुणी इचारून बसतं का?”